डावा कौल, उजवा कौल

२०२१ च्या शिमग्यात आमच्या गावात पालखी घरोघरी न्यायची की नाही, असा पेच पडला. करोना पुन्हा वाढत होता, सरकारचे निर्बंध होते, आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांकडे गावातली माणसं जरा लांबूनच बघत होती. मानकरी देवळात जमले. आमच्याकडे असे प्रश्न कौल लावून सुटतात. गुरव ओल्या केलेल्या कळ्या देवाच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी कळी पडली की देव हो म्हणाला, डावी पडली की नाही.

गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, यंदा पालखी घरोघरी नेऊ नये असं लेकरांच्या मनात आहे. तुझी आज्ञा आहे काय?" टपकन डावी कळी पडली. देवळात चिडीचूप. सरकार नको म्हणतंय आणि देव हवं म्हणतोय, आता करायचं काय? तेवढ्यात एक म्हातारे मानकरी पुढे सरकले आणि काकांच्या कानाशी लागले. कळ्या पुन्हा लावल्या. गाऱ्हाणं पुन्हा घातलं, पण या वेळी शब्द वेगळे होते. (सहाण म्हणजे शिमग्यात पालखी बसवायची गावातली जागा.) "तू सहाणेवर बस, लेकरं एकेक करून तुझ्या पायाशी येतील, ओटी भरतील, मान कुणाचा चुकणार नाही. मान्य आहे काय?" उजवी पडली. व्हय महाराजा!

त्या म्हाताऱ्याला कुणी म्हटलं असतं की देवाने मत बदललं, तर त्याला ते पटलं नसतं. देवाला त्याची ओटी हवी होती, ती मिळाली. बदलला तो प्रश्न. धर्म काळाप्रमाणे कसे बदलतात, हे मला पुस्तकांतून जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या अर्ध्या तासात कळलं. तेव्हापासून कुठल्याही धर्माची परिषद, भाष्य किंवा फतवा वाचताना मी कानाशी लागणारा तो म्हातारा शोधत असतो. बहुतेक ठिकाणी तो सापडतोच.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. धर्माला सरळ "आमचं चुकलं होतं, आजपासून नियम बदलला" असं का म्हणता येत नाही? विधानसभा तर रोज म्हणते. जुना कायदा रद्द झाला म्हणून कुणी राज्यावरचा विश्वास टाकत नाही, कारण तो कायदा माणसांनीच केला होता हे सगळ्यांना ठाऊक असतं. धर्माचा नियम मात्र ज्याच्या नावाने सांगितला जातो तो कधी चुकत नाही, असं धर्मच सांगत असतो. एक वाक्य मागे घेतलं की उद्या कुणीही उठून विचारणार, मग बाकीच्या वाक्यांचं काय? म्हणून जुनं वाक्य जागेवर ठेवायचं आणि त्याच्या आजूबाजूचं हलवायचं, ही पद्धत पडली. आमच्याकडे मे महिन्यात घरं शाकारतात तशी. फुटकी कौलं काढून नवी बसवायची, एखादा वासा कुजला असेल तर बदलायचा. पन्नास वर्षांत छपरावर जुनं एक कौल उरत नाही, तरी घर आजोबांनी बांधलेलंच असतं. (कौल या शब्दाला मराठीत हे दोन्ही अर्थ आहेत, हा निव्वळ योगायोग. पण मला तो आवडतो.)

सगळ्यात सोपा बदल विधींचा. त्यात कुणाचं डोकं फारसं तापत नाही. कोकणात कितीतरी ठिकाणी राखणदाराला कोंबडा द्यायचा असतो, आणि ज्या घरांनी तो सोडला तिथे नारळ फुटतो किंवा कुंकू लावलेला कोहळा कापला जातो. कोहळा कापायचा, कुंकू लाल दिसायचं, नवस फिटला. ही युक्ती काही गावठी नाही. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी यज्ञात खऱ्या पशूऐवजी पिठाचा पशू अर्पण करावा, असं मत मांडलं. त्याला पिष्टपशू म्हणतात. वेदात पशू सांगितला आहे हे त्यांनी नाकारलं नाही. पशू कशाचा असावा, एवढंच ते बोलले.

यापेक्षा अवघड असतं ते सिद्धांताचं. बाईने पुन्हा लग्न करणं पाप की नाही, व्याज घेणं पाप की नाही, परधर्मीयाला त्याचा धर्म पाळायचा हक्क आहे की नाही. इथे नारळाने भागत नाही.

हिंदू धर्मशास्त्राने यासाठी एक फार चतुर हत्यार तयार केलं. त्याचं नाव कलिवर्ज्य. म्हणजे जे पूर्वीच्या युगांत धर्म्य होतं, पण कलियुगात वर्ज्य आहे. जुन्या ग्रंथांत अशा गोष्टी होत्या की मध्ययुगातल्या पंडितांना त्या वाचताना घाम फुटत असणार. नियोग, म्हणजे नवऱ्याखेरीज दुसऱ्या पुरुषाकडून संतती. मधुपर्कात, म्हणजे पाहुण्याच्या सत्कारात, गाय मारणं. श्रुती चुकली म्हणावं तर सगळाच डोलारा कोसळतो. मग उत्तर असं निघालं की ते बरोबरच होतं, पण त्या युगातल्या माणसांसाठी. आपण कलियुगातले, आपली ताकद तेवढी नाही, आपल्याला ते झेपणार नाही. जुनं वाक्यही राहिलं, नवा नियमही आला, आणि कमीपणा आपल्याकडे घेतला की ऋषींचाही मान राहतो. मला हे वाचताना दर वेळी गंमत वाटते. धर्मात "आम्ही तुमच्याहून शहाणे झालो" असं कधी म्हणायचं नाही, "आम्ही तुमच्याहून दुबळे झालो" असं म्हणायचं.

ही कलिवर्ज्यांची यादी ज्यांनी बारकाईने तपासली ते पांडुरंग वामन काणे आपल्याच भागातले. १८८० साली चिपळूणजवळ जन्मले, शाळा दापोलीत. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली आला आणि शेवटचा १९६२ साली. एका माणसाने तीसेक वर्षं बसून हे दाखवून दिलं की ज्याला लोक सनातन म्हणतात ते शास्त्र शतकागणिक हलत आलं आहे. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं.

पण हत्याराला दोन्हीकडून धार असते. विधवाविवाहाच्या वादात तेच कलिवर्ज्य सुधारकांच्या आड आलं, आणि तो वाद सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण सिद्धांत बदलताना माणसं व्याकरणापर्यंत कशी जातात ते त्यात दिसतं.

पराशरस्मृती ही कलियुगासाठीची स्मृती, असं त्या स्मृतीतच म्हटलं आहे. तिच्यात एक श्लोक आहे. नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती सांगितला आहे. एकोणिसाव्या शतकात ईश्वरचंद्र विद्यासागरांनी हा श्लोक पुढे केला. त्यांनी विधवाविवाह चांगला की वाईट असं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, कलियुगात कुठली स्मृती चालते? पराशराची ना? मग वाचा. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, त्यामागे हा युक्तिवाद होता.

विरोधकांकडे दोन उत्तरं होती. एक, कलिवर्ज्यांच्या यादीत विधवेचं पुन्हा लग्न आहे. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांनी तर पराशरावर भाष्य लिहिताना हा श्लोक दुसऱ्या युगांसाठीचा आहे असं सांगून टाकलं होतं. म्हणजे स्मृती कलियुगाची, पण नेमका हा श्लोक कलियुगाचा नाही! दुसरं उत्तर याहून भारी. श्लोकात "पतौ" असा शब्द आहे. संस्कृत व्याकरणाप्रमाणे नुसत्या पति शब्दाची सप्तमी "पत्यौ" होते. मग "पतौ" कसं आलं? विरोधक म्हणाले, तिथे एक अ लपला आहे. "पतिते अपतौ" असा तो संधी सोडवायचा. अपती म्हणजे अजून पुरता नवरा न झालेला, नुसता वाङ्निश्चय झालेला. म्हणजे श्लोक विधवेबद्दल नाहीच, साखरपुडा मोडलेल्या मुलीबद्दल आहे. एका न दिसणाऱ्या अकारावर हजारो बालविधवांचं आयुष्य टांगलेलं.

दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी या अकाराची वाट बघितली नाही. १८९३ साली त्यांनी देवरुखच्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. १९५८ साली त्याच कर्व्यांना, वयाच्या शंभरीत, भारतरत्न मिळालं. आज मुरुडच्या किनाऱ्यावर हॉटेलात उतरणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असतं की या गावात एका लग्नावरून घरात जेवायला बसवायचं की नाही असा वाद होता? शास्त्राचा निकाल अजूनही कुणी दिलेला नाही. श्लोक तसाच आहे, यादी तशीच आहे. लोकांनी विचारणं सोडून दिलं. धर्म बदलण्याची ही सगळ्यात शांत पद्धत. नियम मरत नाही, त्याची आठवण काढणारी माणसं संपतात.

समुद्राचंही तसंच झालं. समुद्रप्रवास केलेल्या द्विजाशी प्रायश्चित्तानंतरही संबंध ठेवू नये, हेही कलिवर्ज्यात बसतं. हे नियम ज्या काळात लिहिले जात होते त्याच काळात दाभोळपासून चौलपर्यंतची आमची बंदरं अरबस्तानाशी व्यापार करत होती. शास्त्र दंडकारण्याकडे तोंड करून बसलेलं आणि किनारा पाठीमागे गलबतं भरत होता.

त्या गलबतांबरोबर इस्लामही इथे आला, आणि त्याच्या खुणा कोकणी मुसलमानांच्या धर्मशास्त्रात अजून आहेत. सुन्नी धर्मशास्त्रात चार इमामांची चार मतं आहेत. भारतातले बहुसंख्य सुन्नी त्यांपैकी हनफी मताचे, तर कोकणी मुसलमान शाफई. केरळचे माप्पिला, भटकळचे नवायत, येमेन, पूर्व आफ्रिका, इंडोनेशिया असा हा शाफई पट्टा समुद्राकाठाने पसरला आहे. खैबरखिंडीतून आलेल्यांनी हनफी मत आणलं, शिडाच्या वाऱ्याने आलेल्यांनी शाफई.

या मताचे प्रवर्तक इमाम शाफई यांची कथा आपल्या विषयासाठी सोन्यासारखी आहे. ७६७ साली जन्म, ८२० साली मृत्यू. इराकमध्ये असताना त्यांनी बरीच मतं मांडली, शिष्य तयार केले. मग ते इजिप्तला गेले. तिथे नवे विद्वान भेटले, नवे पुरावे समोर आले, समाजही वेगळा होता, आणि त्यांनी आपलीच कितीतरी मतं बदलली. पहिल्या मतांना कौल-ए-कदीम म्हणतात आणि नंतरच्यांना कौल-ए-जदीद. (हो, तोच अरबी कौल मराठीत येऊन देवळात बसला.) दोन्ही मतं ग्रंथांत नोंदलेली आहेत, आणि काही मोजके प्रश्न सोडले तर नवं मत धरायचं असा शाफईंचा नियम आहे. जुनं लपवलेलं नाही.

हे त्यांना कसं जमलं? कारण इस्लामी विद्वत्तेत शरीयत आणि फिकह असा फरक केलेला असतो. शरीयत म्हणजे अल्लाचा मार्ग, तो बदलत नाही. फिकह म्हणजे त्या मार्गाबद्दल माणसाला झालेली समज. समज चुकू शकते, सुधारू शकते, चार इमामांची चार असू शकते आणि चौघेही सन्मान्य राहतात. सगळा भार त्या दोन शब्दांमधल्या फटीवर आहे. फट रुंद ठेवली की बदलाला वाट मिळते. फट बुजवून "मी सांगतो तीच शरीयत" असं कुणी म्हणू लागला की भांडणं सुरू होतात.

कोकणात हा फरक ताटातही दिसतो. हनफी मतात समुद्रातलं फक्त मासळीच चालते, आणि कोळंबी ही मासळी आहे का, यावर हनफी विद्वानांनी शतकानुशतकं वाद घातला आहे. शाफई मतात समुद्रातल्या जिवांना बरीच मोकळीक. मासेबाजाराच्या इतक्या जवळ राहणाऱ्यांना शाफई मत लाभलं, ही त्यांच्यावर कृपाच म्हणायची. बघा, इथेही कोळंबी हलाल की हराम असं कुणी थेट भांडत नाही. कोळंबी मासा आहे का, असं भांडतात.

माशांवरूनच आठवलं. कोकणातला आणखी एक धर्म माशांवरून ओळखला गेला. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश वाढला, असं बेने इस्राएलींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, परंपरा सांगते. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. पुढे दाविद रहाबी नावाचा एक ज्यू त्यांच्यात आला. हे खरंच ज्यू आहेत का, हे बघण्यासाठी त्याने बायकांपुढे मासे ठेवले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे घेतले आणि बाकीचे बाजूला काढले. ज्यू धर्माचा मासळीचा नियम नेमका तोच.

बेने इस्राएल या विषयात एवढे महत्त्वाचे का, तर ते बाकीच्या ज्यू जगापासून कित्येक शतकं तुटलेले होते. तिकडे धर्म हलत होता, इकडे त्याची बातमी येत नव्हती. त्यामुळे त्यांच्याकडे काय उरलं आणि काय आलंच नाही, हे मोजता येतं. शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, उरला, सुंता उरली, "शेमा इस्राएल" ही एक प्रार्थना उरली आणि ती जन्म, लग्न, मरण सगळ्याला चालायची. हनुक्का हा सण मात्र त्यांना माहीतच नव्हता. सणांची हिब्रू नावं विसरली गेली आणि त्या जागी आपली आली. नव्याचा सण, खिरीचा सण, दार फळणीचा सण, बिरड्याचा रोजा. बिरड्याचा रोजा म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास, आणि त्याला नाव मिळालं वालाच्या बिरड्याचं! शेजाऱ्यांचे नियमही आपोआप अंगी लागले. गोमांस टाळायचे, विधवेचं लग्न टाळायचे. तोरा या ज्यू धर्मग्रंथात याला आधार नाही, कोकणात होता. मग एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनरी आले. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. हेतू होता ज्यूंना ख्रिस्ती करण्याचा, झालं उलटंच. हिब्रू शिकून ते जास्त पक्के ज्यू झाले.

पुढे यातले बरेचजण इस्राएलला गेले. तिथल्या प्रमुख रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला असं ठरवलं की बेने इस्राएलींचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्यांनी शनिवारचा घाणा शतकानुशतकं बंद ठेवला त्यांना विचारलं गेलं, तुम्ही नक्की ज्यू आहात का? बेने इस्राएलींनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, सरकार आणि संसद त्यांच्या बाजूने उभी राहिली, आणि १९६४ साली रब्बींना आपल्या आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं. धर्मशास्त्राचा प्रश्न संसदेच्या पायरीवर सुटला. असं पुष्कळदा होतं.

याच ज्यू परंपरेत एक गोष्ट आहे, ती कौल लावणाऱ्यांनी जरूर ऐकावी. तालमूद या धर्मचर्चेच्या ग्रंथात आहे. एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवरून रब्बी एलिएझर एकीकडे आणि बाकी सगळे रब्बी दुसरीकडे. एलिएझर म्हणाले, माझं खरं असेल तर हे झाड हलेल. झाड उपटून दूर जाऊन पडलं. बाकीचे म्हणाले, झाडाने पुरावा होत नाही. ओढ्याचं पाणी उलटं वाहिलं. नाही. शाळेच्या भिंती कलल्या. तरी नाही. शेवटी आकाशातूनच आवाज आला की एलिएझर बरोबर आहेत. तेव्हा रब्बी यहोशुआ उभे राहिले आणि म्हणाले, धर्मशास्त्र आता आकाशात नाही, ते आम्हाला दिलेलं आहे, आणि आम्ही बहुमताने ठरवतो. गोष्टीत पुढे असं आहे की हे ऐकून देव हसला आणि म्हणाला, लेकरांनी मला हरवलं. सरळ उजवी कळी पडली असताना मानकऱ्यांनी "ते काही नाही" म्हणावं, तसा हा प्रकार. आमच्या देवळात हे कुणी केलं असतं तर त्याला सहाणेवर उभं केलं नसतं.

कॅथलिक चर्चचं याच्या उलट. तिथे निर्णय एका केंद्रातून येतो, लेखी येतो, तारखेसह येतो. त्यामुळे बदल लपवणं सगळ्यात कठीण, आणि म्हणून बदलाचं समर्थन करण्याचं शास्त्रही त्यांनीच सगळ्यात जास्त घासूनपुसून ठेवलं आहे. व्याजाचंच बघा. मध्ययुगात व्याज घेणं पाप होतं. ११७९ च्या लॅटरन धर्मसभेने सावकाराला ख्रिस्ती दफनही नाकारलं. पैसा वांझ आहे, त्याला पोर कसं होईल, असा तर्क. पण व्यापार वाढला तसे धर्मपंडित विचारू लागले: उसने दिल्यामुळे माझं नुकसान झालं तर भरपाई मागू का? ते पैसे मी धंद्यात घातले असते तर नफा झाला असता, तो बुडाला त्याचं काय? भरपाई म्हणजे व्याज नव्हे, असं ठरलं. १७४५ साली पोपने व्याजाचा पुन्हा निषेध केला, पण या वाटा उघड्या ठेवून. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात रास्त व्याजाला जागा मिळाली. आणि १९१८ साली आपल्या वसईत बॅसीन कॅथॉलिक बँकेची पतपेढी म्हणून सुरुवात झाली. व्याजाचा निषेध कधीही मागे घेतलेला नाही, आणि वसईतला कॅथलिक शेतकरी कर्जाचा हप्ता निर्धास्त भरतो.

व्याजापेक्षा मोठी उडी धर्मस्वातंत्र्याची. गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, होतं, त्याची भीती खाली कारवारपर्यंत आणि वर आमच्याकडे लोकांच्या स्थलांतरात उतरली. १८६४ साली पोप पायस नववे यांनी चुकीच्या मतांची एक यादी काढली. ज्याला जो धर्म खरा वाटेल तो स्वीकारायची त्याला मोकळीक आहे, हे मत त्या यादीत होतं. आणि १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क आहे असं जाहीर केलं. १०१ वर्षं. हे जोडायचं कसं? जुनं तत्त्व होतं, असत्याला हक्क नसतात. नव्यांनी म्हटलं, कबूल. पण हक्क मताला नसतात, माणसाला असतात. चुकीचं मानणारा माणूसही माणूसच आहे. कळ्या तिथेच, गाऱ्हाणं दुसरं. या विचारामागचे एक प्रमुख अमेरिकी पाद्री जॉन कोर्टनी मरी यांना १९५० च्या दशकात या विषयावर लिहायला बंदी होती. दहा वर्षांत तेच परिषदेत मसुदा लिहायला बसले.

याला ते "विकास" म्हणतात. १८४५ साली जॉन हेन्री न्यूमन यांनी त्यावर ग्रंथच लिहिला. आंब्याची बाठ आणि आंब्याचं झाड दिसायला सारखं नसतं, पण झाड बाठीतच होतं. उपमा माझी, मुद्दा त्यांचा. युक्तिवाद देखणा आहे, पण मला त्यात एक खोच वाटते. बाठ पेरल्यावर आंबाच येणार हे आधी सांगता येतं. १८६४ साली उभं राहून १९६५ चं झाड कुणाला दिसलं असतं? मागे वळून बघितलं की सगळं उगवलेलंच वाटतं, कलम केलेलं कुणी ओळखत नाही. हापूस खाणाऱ्यांनी तरी कलमाला कमी लेखू नये, म्हणा.

त्याच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे मिसा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमधून मराठीत आली. खरं तर १६१६ सालीच फादर स्टीफन्स यांनी ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं होतं. पुराण मराठीत चाललं, वेदीवर मराठी यायला साडेतीनशे वर्षं लागली.

आता प्रश्न फिरवायची ही युक्ती कुठे हरते, ते बघू. १९३१ साली रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभं राहिलं. पैसा भागोजीशेठ कीरांचा, पुढाकार तिथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचा. जुन्या देवळांचे गाभारे सगळ्यांना उघडणं अवघड होतं, मग सगळ्यांसाठी नवंच देऊळ बांधलं. ही वळणाची वाट. पण त्याच्या चार वर्षं आधी, महाडला, वळणाची वाट नाकारली गेली होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. नंतर सवर्णांनी तळं "शुद्ध" करून घेतलं. २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली, आणि ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. इथे कुणी श्लोकाचा संधी सोडवत बसलं नाही. वाक्यच नको, असं म्हटलं.

तळ्याचा खटला चालला दहा वर्षं. सवर्णांचं म्हणणं होतं की अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादी आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की ही वहिवाट अनादी असल्याचं सिद्ध झालेलं नाही. मला हा निकाल फार बोलका वाटतो. "पूर्वापार" हा शब्द गावात उच्चारला की वाद संपतो. न्यायालयात तो उच्चारला तर पुरावा मागतात.

१९५६ साली आंबेडकरांनी बौद्ध धर्म स्वीकारला, आणि स्वीकारताना तो तसाच्या तसा उचलला नाही. १९५७ साली आलेल्या "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार प्रश्न विचारले आहेत. बुद्धाने घर का सोडलं? चार आर्यसत्यं खरंच बुद्धाची आहेत का? आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? भिक्षू कशासाठी? शाळेच्या पुस्तकात बौद्ध धर्म म्हणजे चार आर्यसत्यं असं शिकवतात, आणि इथे दीक्षा देणाराच त्यांच्यावर बोट ठेवतो. एवढा मोकळेपणा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. तेही "मी नवं सांगतो" यावर थांबत नाहीत, मूळ बुद्ध असा होता, असं सांगतात. कितीही मोठा बंडखोर असला तरी मुळाशी नातं सांगितल्याशिवाय धर्मात उभं राहता येत नाही.

आणि बौद्ध धर्म तरी कुठे एका जागी थांबला होता? दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत. सुरुवातीची हीनयान बौद्धांची. मग त्याच खडकात वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथाच्या मूर्ती आल्या, ज्यांच्याबद्दल आधीच्या भिक्षूंनी कानावर हात ठेवले असते. मग शैव आले, गणपती आला, शेवटी नाथपंथी. कोटजाई नदीच्या काठाने एका दमात फिरून येता येतं. कुणी कुणाचं लेणं पाडलं नाही. आधीच्या खोलीत आपला देव बसवला आणि पुढे खोदत गेले.

आमच्या गावात २०२२ पासून पालखी पुन्हा घरोघरी फिरू लागली. फक्त वरच्या वाडीत नाही. तिकडची पाखाडी चढायला वाईट, नाचवणारी पोरं मुंबईला, तेव्हा त्या वाडीने सहाणेवरच ओटी भरायची पद्धत चालू ठेवली. गेल्या शिमग्याला तिथल्या एका नव्या सुनेने विचारलं, "आई, खालच्या वाडीत पालखी घरी जाते, आपल्याकडे कशी येत नाही?"

सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. "आपला मान सहाणेवरचा," त्या म्हणाल्या. "पूर्वापार."